डाव्या पायाचं माप

मिसाओचं वाटोळं एका भल्या माणसाने केलं. त्याचं नाव आता माझ्या लक्षात नाही. सेंदाईहून बायकोला घेऊन दोन दिवस राहायला आला, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत उतरला आणि जाताना अभिप्रायाच्या कार्डावर मोत्यासारख्या अक्षरात लिहून गेला, 'आम्हाला जेवण वाढणाऱ्या बाईंचा डावा पाय दुखत असावा. उठताना त्यांना फार त्रास होत होता. कृपया त्यांची काळजी घ्यावी.'

त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांचं आम्हाला काही वाटत नाही. वाकून माफी मागायची, मिठाईचा डबा घरी पाठवायचा, विषय संपला. पण पाहुण्याला आमची कीव यावी, हे आमच्या मालकीणबाईंच्या नियमात बसत नाही.

"पाहुणा इथे काळज्या विसरायला येतो," त्या मिसाओला म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यांचा कधी चढतच नाही. "आणि आपण त्याला एक नवी काळजी बांधून दिली. जंगलातली पानं लाल व्हायला लागली की आपल्याकडे पाय ठेवायला जागा नसते, तुला ठाऊकच आहे. तोवर पाय बरा होईल ना? भांड्यांना आता मशीन आलंय, नाहीतर खाली तरी बसवलं असतं तुला."

"होईल, मालकीणबाई. काही त्रास नाही."

'काही त्रास नाही' हे वाक्य आम्ही नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतो. हातावर गरम रस्सा सांडला, दारू प्यालेल्या पाहुण्याने मनगट धरलं, पहाटे चारला उठून न्याहारीची ताटं लावली, सगळ्याला एकच उत्तर. मी हात्सुए. 'हागिनोया' या गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या सराईत बावीस वर्षं खोल्यांमध्ये जेवण वाढते आहे. मिसाओला एकोणीस झाली होती. हे वाक्य मी दिवसातून शंभरदा म्हणते, पण माझ्या तोंडावर ते खोटं दिसतं, म्हणून आचारीसुद्धा मला टरकून असतो. मिसाओच्या तोंडावर ते खरं दिसायचं.

आमच्या कामात गुडघे आणि टाचा हीच हत्यारं. ताट घेऊन यायचं, सरकत्या दाराबाहेर गुडघे टेकून टाचांवर बसायचं, दार सरकवायचं, वाकायचं, उठायचं, आत जायचं, पुन्हा टाचांवर बसायचं, वाढायचं, पुन्हा वाकायचं. एका जेवणाला चाळीसेक वेळा तरी बसउठ होते. तीन वर्षांपूर्वी मिसाओच्या गर्भाशयात कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून गर्भाशय काढलं, जांघेतल्या गाठी काढल्या आणि रोग गेला. पण त्या गाठींबरोबर पायातल्या पाण्याची वाटही गेली. डावा पाय संध्याकाळपर्यंत फुगून जाडजूड मुळ्यासारखा व्हायचा. बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा.

"दोन्ही पाय एकाच बाईचे आहेत ना गं? की एक कुणाचा उसना आणलास?" मी चिडवायचे.

"डावा श्रीमंताघरचा आहे," ती म्हणायची.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. सराईच्या मागे कामगारांची दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर मी, खाली ती. नोकरी आहे तोवर खोली. नवऱ्याचा मार खाऊन एक पिशवी घेऊन ती इथे आली होती, त्यानंतर तिचा दुसरा कुठला पत्ता झाला नाही. आकिताला भाऊ आहे, तो नववर्षाचं एक कार्ड पाठवतो आणि त्यावर 'ये' असं कधीच लिहीत नाही. पाय गेला की नोकरी जाणार आणि नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर. तिलाही हे कळत होतं, मलाही.

डॉक्टरांनी सूज दाबून धरणाऱ्या घट्ट मोज्यांची चिठ्ठी दिली होती. ती तिने दोन महिने उशीखाली ठेवून दिली होती. कार्डाचं प्रकरण झाल्यावर मीच तिला ओढत शहरात नेलं. पाय सकाळी कमी सुजलेला असतो, तेव्हाच माप घ्यायचं असतं, म्हणून पहिली बस धरली. पानांचा हंगाम बारा दिवसांवर आला होता.

दुकान इस्पितळाच्या मागच्या गल्लीत. कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, म्हाताऱ्यांच्या काठ्या. नागासेबाई नावाच्या चाळिशीच्या बाई गळ्यात टेप अडकवून आल्या. त्यांनी मिसाओचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यापासून जांघेपर्यंत सात ठिकाणी माप घेतलं. तो पाय इतक्या मायेने कुणी हातात घेतला नव्हता. मिसाओ नुसती "माफ करा, माफ करा" म्हणत होती, जणू पाय नव्हे, घाण भांडं पुढे केलंय.

मग त्यांनी दोन मोजे समोर ठेवले.

"हा जाड. दिसायला गोणपाट आहे, मान्य. पण याची वीण ताठ असते. दुमडला तरी मांसात रुतत नाही. तुमच्या पायाला हाच हवा. मापाने विणून घ्यावा लागेल, तीन आठवडे धरा. आणि हा पातळ. अंगाच्या रंगाचा, दिसतो झकास, आजच्या आज मिळेल. पण वळी पडली की त्याची दोरी होते."

मिसाओने जाड मोजा हातात घेतला. मग पिशवीतून कामावरचे पांढरे मोजे काढले, अंगठ्याला वेगळी फाट असलेले, किमोनोखाली घालायचे. जाड मोज्यावर ते चढवून पाहिले. अर्ध्या टाचेवर अडकले.

"एक नंबर मोठे घ्या की," नागासेबाई म्हणाल्या.

"उठताना घोट्याशी दिसेल ना हा," मिसाओ म्हणाली. तीन आठवड्यांबद्दल ती काही बोललीच नाही.

"तुमचं काम काय?"

"खोल्यांमध्ये जेवण वाढते."

"टाचांवर बसून?" नागासेबाईंनी टेप खाली ठेवली. "डॉक्टरांना माहीत आहे?"

"हो," मिसाओ म्हणाली. डॉक्टरांना तिने हॉटेलात हिशेब बघते असं सांगितलं होतं.

नागासेबाईंचा विश्वास बसला नसावा. दुकानात एका बाजूला चटईचा चौथरा होता, तिथे त्यांनी तिला पातळ मोजा घालून बसायला लावलं. "वीस मिनिटं बसा. हलू नका. मग सांगा."

मी समोरच बसले होते. सात-आठ मिनिटं ठीक गेली. दहाव्या मिनिटाला तिच्या वरच्या ओठावर घाम आला. मोज्याची मांडीवरची पट्टी गुंडाळत खाली आली होती, ते किमोनो नसल्यामुळे पँटवरूनही मला दिसत होतं. गुडघ्यामागे काय चाललं असेल ते मला न बघता कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर मात्र ते हसू होतं. पाहुण्यांसमोरचं. एकोणीस वर्षं मी ते रोज पाहत होते आणि ते कधी येतं ते मला पाठ होतं.

"शून्य ते दहा," नागासेबाई म्हणाल्या. "किती दुखतं?"

"एक."

"अहो, खरं सांगा. मी काही तुमच्या सराईतली पाहुणी नाही."

"बरं, मग दीड."

आम्ही तिघी हसलो. मग नागासेबाई हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज बघता यांना. या खरं बोलताहेत ना?"

आचाऱ्याला पळवून लावणारी माझी जीभ त्या दिवशी कुठे मेली होती कोण जाणे. मला सगळं माहीत होतं. पण जाड मोजा म्हणजे तीन आठवडे, आणि तीन आठवडे म्हणजे हंगाम हातचा गेला, आणि हंगाम गेला म्हणजे मिसाओ गेली. खालच्या खोलीतून रोज सकाळी येणारा तिचा खोकल्याचा आवाज मला हवा होता. शिवाय आमच्यात एकीने 'काही त्रास नाही' म्हटलं की परक्यासमोर दुसरीने ते खोडून काढायचं नसतं. भररस्त्यात मैत्रिणीचा कमरपट्टा सोडल्यासारखं होतं ते.

"खरं बोलतेय," मी म्हटलं. "ती सांगते तेच."

विम्यातून सहा महिन्यांत दोनच मोजे मिळतात. तिने दोन्ही पातळच घेतले.

बसस्टँडवर आम्ही काडीला खोचलेले कोन्याकु कंदाचे गरम गोळे खाल्ले. मिसाओ खुशीत होती. मोहरी नाकात गेली म्हणून डोळे पुसत होती आणि हसत होती. "बघ ना गं, किती बारीक दिसतोय," असं म्हणत तिने पँट वर करून मला पाय दाखवला. मी म्हटलं, "आता उजव्याला लाज वाटेल." देवा, काय बोलले मी.

हंगाम सुरू झाला. डोंगर लाल झाले आणि आमची सराई ओसंडून वाहू लागली. रोज पहाटे मी खाली जाऊन रबरी हातमोजे घालून तिच्या पायावर तो मोजा चढवायचे, ओढून, चापून, एकही वळी न ठेवता. उभी राहिली की नवरीसारखी छान दिसायची. पण मोजा उभ्या पायाचा होता आणि काम बसण्याचं होतं. दुपारी पाहुणे जाऊन नवे यायच्या मधल्या दोन तासांत तिने मोजा उतरवला की गुडघ्यामागे तारेने आवळल्यासारखी लाल रेघ असायची.

"नागासेबाईंना फोन करते मी," मी म्हणायचे.

"हंगाम संपू दे. त्यांनी वीस मिनिटं बसवून पाहिलं होतं, त्यांना काय वाटेल?"

त्यांना काय वाटेल! पाय हिचा आणि वाटायचं त्यांना. मी भांडले, तोंडाला येईल ते बोलले, एक दिवस बोललेच नाही. पण फोन केला नाही. फोन करायचा म्हणजे दुकानात मी काय बोलले होते तेही सांगायला लागलं असतं. तिने रेघेवर चिकटपट्टी लावली. चार दिवसांनी कातडी फाटली. अशा पायाला साधा ओरखडासुद्धा चालत नाही, हे चिठ्ठीच्या मागेच छापलेलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्या खोल्या भरलेल्या होत्या. मिसाओकडे चार. संध्याकाळी सूप नेताना जिन्यावर तिचा हात माझ्या हाताला लागला. किटलीसारखा तापला होता आणि दात वाजत होते.

"मिसाओ, खाली बस. मी नेते."

"तीनच पदार्थ राहिलेत. काही त्रास नाही."

ती आत गेली. मी माझ्या खोल्यांमध्ये सूप दिलं आणि भाताची हंडी घेऊन तिच्या दारावरून जाताना आत एकदम शांत वाटलं. दार बोटभर उघडं होतं. मी पाहिलं. मिसाओ दोन्ही तळवे चटईवर ठेवून, कपाळ टेकवून वाकली होती. तिच्यासमोर पाहुणे, सत्तरीचं जोडपं, तेही तसेच वाकले होते. तिघांची डोकी खाली. कुणी हलत नव्हतं.

त्या भल्या माणसांना वाटलं होतं की ही बाई फार आदराने वाकली आहे. तिच्याआधी डोकं कसं वर करायचं? म्हणून तेही वाकून राहिले होते. नंतर त्या आजी रडत सांगत होत्या, मध्ये दोनदा त्यांनी चोरून वर पाहिलं, मिसाओ अजून वाकलेलीच, म्हणून पुन्हा डोकं टेकवलं. किती वेळ ते कुणालाच सांगता आलं नाही. सूप पार गार झालं होतं. मी तिला खांद्याला धरून उठवायला गेले तर ती कलंडली.

चाळीस ताप. पाय जांघेपर्यंत लाल, हात लावला तर भाजेल असा. जंतू त्या फाटलेल्या कातडीतून शिरले होते. बारा दिवस सलाईन चाललं. जीव वाचला, पण पाय आधी होता त्याच्या दीडपट होऊन बसला. आता टाचांवर बसायचं नाव काढायचं नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हिशेब बघणाऱ्या बाईला ते का सांगावं लागतंय हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

मालकीणबाई भेटायला आल्या. नाशपातीची पेटी, वर कागदी रिबन. "घाई करू नकोस," त्या म्हणाल्या. "निवांत बरी हो." आमच्या भाषेत याचा अर्थ काय तो शेंबडं पोरही सांगेल. मिसाओने उशीवरूनच मान वाकवली आणि आभार मानले. महिनाअखेर तिची खोली मीच आवरली. एकोणीस वर्षांचा संसार साडेतीन खोक्यांत बसला. मालकीणबाईंनी खटपट करून साकाताला समुद्राकडच्या सरकारी चाळीत तिला तळमजल्यावरचं एक घर मिळवून दिलं. वाईट बाई असती तर मला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

नागासेबाई इस्पितळात माप घ्यायला आल्या होत्या. जाड मोज्याचं. पाय मांडीवर घेतला, गुडघ्यामागची जखम पाहिली. मापं लिहून झाल्यावर त्या दाराशी माझ्यापाशी थांबल्या.

"तुम्हाला विचारलं होतं मी," एवढंच म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या चौथऱ्यावर मी 'नाही, ती खोटं बोलतेय' असं म्हटलं असतं, तर ती हंगामाला मुकली असती, कदाचित नोकरीलाही. पण पाय वाचला असता. मी तिला वाचवायला म्हणून गप्प बसले आणि दोन्ही घालवलं. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसा. फरक एवढाच की तोंड मी माझ्या हाताने दाबलं होतं आणि मार तिने खाल्ला.

फेब्रुवारीत सुतार आले. आम्हाला वाटलं छपराचं काम असेल. त्यांनी खोल्यांमधली बुटकी मेजं उचलली आणि उंच टेबलं आणली. टेबलांबरोबर खुर्च्या. पाहुणे आता बहुतेक सत्तरीपुढचे, त्यांना जमिनीवर बसवत नाही. वर्षभर कार्डांवर तेच लिहून येत होतं. मालकीणबाईंनी ते सगळं मनावर घेतलं होतं. आम्हाला एकत्र बोलावून त्या म्हणाल्या, "आजपासून वाढताना बसायचं नाही. पाहुणा खुर्चीवर आणि तुम्ही खाली, तर त्याला अवघडल्यासारखं होतं. उभ्यानेच वाढा."

सगळ्याजणी खूश झाल्या. मिसाओच्या जागी व्हिएतनामहून दोन मुली आल्या होत्या, चटपटीत, गोड. त्यांना टाचांवर बसायला शिकवायचं माझं काम वाचलं. मी मात्र त्या दिवशी भांडी ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अडीच महिने. अडीच महिने आधी आल्या असत्या त्या खुर्च्या, तर जाड मोजा घालून, एक नंबर मोठे पांढरे मोजे घालून, ती अजून दहा वर्षं उभ्याने वाढत राहिली असती.

एप्रिलच्या शेवटी एका बुधवारी सकाळी तिचा फोन आला. मी खालच्या मोठ्या खोलीत न्याहारीनंतरचं आवरत होते.

"ताई, काय नवीन तिकडे?"

"नवीन काय असणार? तेच आपलं."

"ऐक ना, जाड मोजा आता अंगवळणी पडला बघ. गुडघ्यामागे जराही रुतत नाही. नागासेबाई म्हणत होत्या ते अगदी खरं होतं. आणि एक गंमत सांगू? ओरडू नकोस हं."

"सांग."

"रोज सकाळी चहा झाला की मी टाचांवर बसते. आधी पाच मिनिटंही जमत नव्हतं. काल अर्धा तास झाला, घड्याळ लावून."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला..."

"त्यांना कशाला कळवायचं? हंगामापर्यंत तासभर जमेल बघ. मालकीणबाई म्हणाल्याच होत्या, घाई करू नकोस म्हणून. म्हणजे जागा धरूनच ठेवली असणार ना त्यांनी?"

मी विचारलं, "दुखतं का गं?"

तिच्याकडून समुद्री पाखरांचा कालवा ऐकू येत होता.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "फार दुखतं. उठताना भिंत धरून रडते मी. पण बसता येतं ताई, खरंच बसता येतं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती खरं बोलली होती. आता मीही बोलायला हवं होतं. बसू नकोस मिसाओ, इथे आता कुणीच बसत नाही, तुझ्या खोलीत दोन पोरी राहतात. पण मग उद्या सकाळी चहा झाल्यावर तिने काय करायचं? त्या तळमजल्यावरच्या घरात, ओळखीचं एक माणूस नसताना, घड्याळ कशासाठी लावायचं?

"मालकीणबाईंना सांगशील ना?" ती विचारत होती. "अर्धा तास झालाय म्हणून?"

"सांगते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि टेबलाखालून एकेक खुर्ची बाहेर ओढून पुसायला घेतली.